विष्णूच्या हातून राहिलेला फॉर्म

दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरात मराठी मुलांना स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायचा असला की ती विष्णू खिल्लारेकडे जायची. झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्याची खोली होती. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि समोर एक प्लास्टिकची खुर्ची. दाखल्यावरची तारीख चुकलेली, दहावीच्या सनदेवर आईचं नाव वेगळं, सही एका कागदावर मराठीत आणि दुसऱ्यावर इंग्रजीत, असलं काहीही त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. इतक्या वर्षांत त्याच्या हातचा एकही फॉर्म नामंजूर झाला नव्हता. पास झालेली मुलं पेढे घेऊन यायची, त्याच्यासोबत फोटो काढायची आणि महिन्या-दोन महिन्यांत ट्रेनिंगला निघून जायची. विष्णू पेढा घ्यायचा नाही. डायबिटीस आहे म्हणायचा. त्याला डायबिटीस नव्हता.

तोही अधिकारी व्हायलाच आला होता. परभणीकडच्या सेलूचा. वडील लहानपणीच गेलेले, आई अंगणवाडीत मदतनीस. दोन हजार बाराच्या सुमारास तो दिल्लीत आला आणि तिघा मराठी मुलांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहू लागला. त्यातला साकेत निरगुडकर पुण्याचा. त्याचं इंग्रजी अस्खलित, नोट्स टापटीप आणि घरात शब्दही त्याचाच चालायचा. दुसरा नीरज, नागपूरचा, गप्पिष्ट. तिसरा महिन्या-दोन महिन्यांनी बदलायचा. विष्णूच्या हाताला चव होती, त्यामुळे स्वयंपाक आपसूक त्याच्याकडे आला. साकेतचं पार्सल कोथरूडच्या घरी पाठवायचं असलं तरी कुरियरपर्यंत विष्णूच जायचा. त्याला त्यात काही गैर वाटायचं नाही. आपली माणसं आहेत, असं तो आईला फोनवर सांगायचा. साकेतला तर तो भाऊच म्हणायचा.

लायब्ररीत त्यांच्यासोबत पूर्वी नावाची ठाण्याची मुलगी अभ्यासाला बसायची. दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात तिला एका अनोळखी नंबरवरून मेसेज येऊ लागले. आधी कविता, मग घाण. इतकं घाण की तिनं ते कुणाला दाखवले नाहीत, फक्त नंबर दिला. साकेतनं ओळखीच्या एका मोबाईल दुकानदाराकडून त्या सिमकार्डाचे कागद काढवले. त्यावर विष्णूचा फोटो होता आणि विष्णूच्या मतदार ओळखपत्राची झेरॉक्स.

विष्णू भाजी घेऊन घरी आला तेव्हा त्याची बॅग दाराबाहेर ठेवलेली होती. आत आठ-दहा मुलं जमली होती.

"हे काय आहे?" साकेतनं कागद पुढे धरला.

"माझं ओळखपत्र. पण हे सिम मी घेतलेलं नाही. झेरॉक्स तर घरमालकाच्या फाईलमध्ये होती, पोलीस व्हेरिफिकेशनसाठी दिलेली. ती फाईल इथंच, कपाटावर..."

"म्हणजे आमच्यातल्या कुणीतरी केलं?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस?"

घाबरला की विष्णूची जीभ अडायची, लहानपणापासूनची खोड. ती अडली, तो तोतरा बोलू लागला आणि बघणाऱ्यांना हवा होता तो पुरावा मिळाला. नीरज खिडकीपाशी उभा होता, तो म्हणाला, "जाऊ दे यार, पोलिसांत नको. गरीब घरचा आहे." सगळ्यांना नीरजचं मन मोठं वाटलं.

पोलिसांत कुणी गेलं नाही. गेले असते तर बरं झालं असतं, असं विष्णू पुढं अनेकदा म्हणायचा. पोलिसांनी निदान मोबाईल कुणाच्या खिशात होता ते शोधलं असतं. त्याऐवजी त्याचा फोटो मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गेला. खाली साकेतनं लिहिलं होतं: या मुलापासून सावध राहा, मुलींनी विशेषतः. दोन दिवसांत लायब्ररीवाल्यानं त्याचं टेबल काढून घेतलं. खोली बघायला गेला की आधी राहणारी मुलं त्याचा चेहरा बघायची आणि म्हणायची, भरली. करोलबागेतल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला दर वर्षी पाण्याचे जार उचलायला त्याला बोलवायचे. त्या वर्षी एका काकांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

फोटो सेलूपर्यंत पोहोचायला आठवडा लागला. आईनं फोन केला. बराच वेळ पाऊसपाणी, गाय, शेजारीपाजारी असं बोलत राहिली. मग म्हणाली, "विष्णू, त्या पोरीला तू तसलं लिवलंस का रं?"

तो नाही म्हणाला. आई म्हणाली, बरं. पण तिनं विचारलं होतं. दोन वर्षांनी ती गेली तेव्हा तिला खांदा देतानाही विष्णूच्या कानात तेवढंच वाक्य होतं.

त्या काळात त्याला एकट्या कुसुमावतीबाईंनी आसरा दिला. त्या लातूरकडच्या. नवरा फरीदाबादच्या कारखान्यात अपघातात गेल्यावर त्यांनी राजेंद्रनगरात मुलांची मेस काढली होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. तिनं विष्णूला मेसच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं. दोन मुलांनी सांगितलं, हा इथं राहणार असेल तर आम्ही डबा बंद करतो. मावशी म्हणाली, "करा. तुमचा डबा धरून मी काय जन्माला आले नव्हते." पुढं वर्षभर कुणी विष्णूचं नाव काढलं की ती पोळ्या लाटायच्या सोडून भांडायला उठायची. "त्यानं केलं नाही. मी माणसं जेवताना बघते. अशा माणसाचं जेवण असं नसतं." ऐकणारे हसायचे.

विष्णूचे दोन अटेम्प्ट त्यातच गेले. पुस्तक उघडलं की अक्षरांऐवजी त्या खोलीतली आठ-दहा तोंडं दिसायची. साकेत मात्र पास झाला. पेपरात फोटो आला. हळूहळू जुनी मुलं पांगली, नव्यांना काही माहीत नव्हतं, आणि विष्णू झेरॉक्सच्या दुकानावरची खोली घेऊन फॉर्म भरून देऊ लागला.

खरं काय ते विष्णूला तीन वर्षांनी कळलं. पूर्वी स्वतः त्याला भेटायला आली. लग्न ठरलं होतं तिचं. झेरॉक्सच्या दुकानाच्या जिन्यात उभी राहून ती म्हणाली, "नीरज होता तो. साकेतला आठ दिवसांत कळलं होतं, नीरजच्या बॅगेत तो फोन सापडला. साकेतनं त्याला गुपचूप नागपूरला पाठवून दिलं."

"आठ दिवसांत?"

"त्याचा इंटरव्ह्यू जवळ आला होता. चुकीच्या माणसाची बदनामी केली असं बाहेर पडलं तर प्रॉब्लेम होईल म्हणाला. मला हे त्यानं आत्ता सांगितलं, त्याच्या नव्या पोस्टिंगच्या पार्टीत. मी तुझी माफी मागायला आले, विष्णू."

"ग्रुपवर लिहिशील?"

पूर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला ते परत उकरायचं नाहीये. सासरी काय सांगू?"

विष्णूनं तिला जाऊ दिलं. तिचा राग त्याला कधी आला नाही, ते सगळं तिच्यावरही गुदरलं होतं. नीरजबद्दलही नुसती किळस होती. पण साकेतनं आठ दिवसांत समजूनही तीन वर्षं तोंड मिटून ठेवलं, आणि त्या तीन वर्षांत आई गेली. हा हिशेब विष्णूच्या डोक्यात एकाच माणसाच्या नावावर बसला. त्यानं साकेतला एक मेल केला. उत्तर नाही. दुसरा केला. मग त्यानं लिहिणं बंद केलं आणि वाट बघायला लागला. कशाची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दोन हजार चोवीसच्या सुरुवातीला एक मुलगा जिना चढून आला. उंच, चष्मा लावलेला, हातात दोन चहा.

"विष्णूदादा ना? मला मेसवाल्या मावशींनी पाठवलंय. त्या म्हणाल्या, तुम्ही चहा घेता पण पेढा नाही."

विष्णू हसला. मुलानं कागद पुढे केले. नाव अथर्व. वडिलांचं नाव पद्माकर. पत्ता कोथरूडचा, तोच फ्लॅट नंबर, जो विष्णूनं साकेतच्या कितीतरी पार्सलांवर स्वतःच्या अक्षरात लिहिला होता.

"भाऊ-बहीण कुणी?" विष्णूनं विचारलं. फॉर्मला ते लागत नव्हतं.

"मोठा भाऊ आहे, सर्व्हिसमध्ये. दादाचं फर्स्ट क्लास चाललंय, माझंच अडलंय. सहावा अटेम्प्ट आहे, शेवटचा."

चौदा साली तो बारावीत असेल, विष्णूनं मनात धरलं. त्याला काहीच माहीत नाही. पूर्वपरीक्षेचा तो फॉर्म विष्णूनं नीट भरला, स्वल्पविरामही तपासला. नंतर कित्येक दिवस तो स्वतःला सांगत राहिला की आपल्या मनात काहीच नाही.

अथर्व येत राहिला. कुठलंही काम नसताना यायचा. विष्णूला स्कॅनिंगला मदत करायचा, नव्या मुलांना रांगेत बसवायचा. एकदा म्हणाला, "दादा, तुम्ही स्वतः का सोडलंत? तुमच्याइतकं संविधान कुणालाच येत नाही." विष्णू म्हणाला, "घरची अडचण." अथर्वनं पुढं विचारलं नाही. इतका समजूतदार मुलगा त्या घरात निपजला, याचाच विष्णूला राग यायचा.

जुलैत अथर्व पूर्वपरीक्षा पास झाला. पाच वेळा तिथंच अडलेला मुलगा. तो नाचत जिना चढला. आता मुख्य परीक्षेसाठीचा सविस्तर फॉर्म भरायचा होता. तो मुदतीत भरला नाही की उमेदवारी रद्द. त्याच आठवड्यात त्याला टायफॉइड झाला आणि करोलबागेतल्या एका नर्सिंग होममध्ये भरती व्हावं लागलं. त्यानं पासवर्ड, ईमेल, सगळं विष्णूच्या मोबाईलवर पाठवलं. खाली लिहिलं: तुम्ही आहात म्हणून टेन्शन नाही.

विष्णूनं फॉर्म भरला. एकेक रकाना. कागद चढवले. फोटो, सही. शेवटच्या दिवशी दुपारी पानाच्या तळाशी फक्त अंतिम सबमिटचं बटण उरलं. मुदत सहापर्यंत होती. तीन वाजता त्यानं अथर्वला फोन लावला.

"झालं?" अथर्वचा आवाज तापानं खोल गेला होता.

"झालं."

"कन्फर्मेशनचा मेल आला का?"

"आलाय. मी बघितला. तू झोप."

मग तो खुर्चीत मागं टेकून बसला. आजची गिऱ्हाइकं त्यानं आधीच परत पाठवली होती. चार वाजले, पाच वाजले. त्याला वाटलं होतं जीभ अडते तसं काहीतरी होईल. काही झालं नाही. उलट कितीतरी वर्षांनी त्याला हलकं वाटलं. त्याला साकेतचा चेहरा दिसत होता, अथर्वचा फोन आल्यावरचा. निरगुडकरांच्या घरी आई कपाळाला हात लावून बसलेली दिसत होती. त्यांच्या घरीही आता कुणीतरी कुणालातरी विचारेल, तू असं केलंस का? त्यांच्याकडेही एक कागद बोलेल आणि माणसाचं कुणी ऐकणार नाही. साडेपाचला त्यानं चहा मागवला. पावणेसहाला बटणाकडे एकदा बघितलं. सहा वाजून एक मिनिटानं पान आपोआप बंद झालं. विष्णूनं उरलेला चहा पिऊन टाकला.

प्रवेशपत्रांची यादी आली तेव्हा अथर्वला कळलं. तो आला तेव्हा पुरता बरा झालेला नव्हता, भिंतीला धरून जिना चढला.

"दादा, काहीतरी टेक्निकल झालंय. माझा फॉर्मच नाहीये म्हणतात. तुम्ही सबमिट केला होतात ना?"

"नाही केला," विष्णू म्हणाला.

अथर्वला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तुझ्या भावाला विचार. म्हणावं, विष्णू खिल्लारेनं नाही केला. त्याला कळेल का ते."

दोन दिवसांनी साकेत दिल्लीत आला. विष्णूला त्यानं कोपर्निकस मार्गावर बोलावलं, तिथं एका वकिलाला भेटून तो रस्त्याच्या कडेला उभा होता. केस पिकले होते. विष्णू मुद्दाम अर्धा तास उशिरा गेला.

"तुझं भांडण माझ्याशी होतं," साकेत म्हणाला.

"तुझ्याशीच आहे."

"मग त्याचं आयुष्य का? तो तुला दादा म्हणायचा."

"मी तुला काय म्हणायचो?"

साकेतनं थेट मुद्द्याला हात घातला. वकील म्हणाला होता, फॉर्म भरणाऱ्यानं आपण जाणूनबुजून सबमिट केला नाही असं प्रतिज्ञापत्र दिलं, तर प्रशासकीय न्यायाधिकरणापुढं अर्ज करता येईल. उमेदवार इस्पितळात होता, फसवला गेला, असं मांडता येईल. मुख्य परीक्षेला अजून चार आठवडे होते.

"ते दिलं की मी आत जाणार."

"मी केस करणार नाही. लिहून देतो."

"मला ते नको. मला तुझं दुसरं लिहून पाहिजे. ग्रुपवर, तुझ्या नावानं. चौदा साली काय झालं, तुला कधी कळलं, तू का गप्प बसलास."

साकेतनं रस्त्याकडे बघितलं. सरकारी गाड्या जात होत्या. त्यानं पहिल्यासारखा वाद घातला नाही. "तुझे दोन्ही मेल मी वाचले होते," तो म्हणाला. "मी लिहितो. आज लिहितो. मग तू देशील?"

"देईन," विष्णू म्हणाला.

साकेतनं खरंच लिहिलं. काहीही लपवलं नाही. नीरजचं नाव, आठ दिवस, इंटरव्ह्यूची भीती, सगळं. पूर्वीचं नाव तेवढं टाळलं. ग्रुपमध्ये जुनी माणसं होती, कुणी कलेक्टर, कुणी बँकेत, कुणी पुण्यात क्लास चालवणारे. दिवसभर मोबाईल वाजत राहिला. कुणी लिहिलं, फार उशीर झाला. कुणी हात जोडले. चौदा साली त्या खोलीत असलेल्या दोघांनी वेगळा फोन करून माफी मागितली. विष्णू प्रत्येक मेसेज दोनदा वाचत होता. दहा वर्षं तो याच क्षणाची तालीम करत आला होता, आणि आता त्याला एवढंच वाटत होतं की हे वाचायला आई नाही. म्हणजे साकेतनं जे फेडलं ते फिटलेलंच नाही. हा विचार आला आणि त्याला तो आवडला. त्यानं तो घट्ट धरला.

वकिलाकडे जायच्या दिवशी तो गेला नाही. फोन बंद करून मेसमध्ये बसला.

मावशीला तोवर सगळं कळलं होतं. तिनं त्याच्यासमोर ताट ठेवलं, शेजारी बसली. "जा की रं. अजून वेळ आहे. त्यानं त्याचं केलं, आता तू तुझं कर."

"माझी दहा वर्षं कोण देणार, मावशी?"

"कुणी नाही देणार. त्या पोराकडं आहेत का ती?"

"त्याच्या भावाकडं आहेत."

"मग भावाची घे. ह्याची कशाला घेतोस?"

विष्णू जेवत राहिला. मावशी उठताना म्हणाली, "चौदा साली तुझ्यासाठी मी सगळ्यांशी भांडले. ते खरं होतं, म्हणून भांडले. उद्या कुणी मला ह्या पोराबद्दल विचारलं तर मी काय सांगू? तुझ्यावर अन्याय झाला ते सांगेन. मरेपर्यंत सांगेन. आणि तू काय केलंस तेही सांगेन." तिच्या आवाजात राग नव्हता. विष्णूला तो असता तर बरं वाटलं असतं. राग त्याला ओळखीचा होता.

प्रतिज्ञापत्राशिवाय अर्ज टिकला नाही. मुख्य परीक्षेच्या आठवड्यात अथर्व पुण्याला परत गेला. गल्लीत बातमी पसरली, आणि या वेळी ती खरी होती. जिना चढून येणारी मुलं थांबली. दुकानदारानं खोली मागून घेतली. विष्णू फरीदाबादला गेला. एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात त्याला डिस्पॅचची कागदपत्रं बघायचं काम मिळालं. तिथं कुणाला काही माहीत नव्हतं. मालाच्या चलानातही त्याची चूक कधी निघाली नाही.

यंदाच्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. अथर्व होता. तब्येत सुधारली होती. पुण्यात एका कंपनीत लागलोय, कामासाठी दिल्लीत आलो होतो, म्हणाला. पत्ता मावशीनं दिला.

विष्णूनं त्याला आत घेतलं. बसायला एकच स्टूल होतं, ते पुढं केलं. अथर्व उभाच राहिला.

"दादानं लिहिलेलं मी वाचलं," तो म्हणाला. "खूप वेळा वाचलं. तुमच्या आईबद्दल मावशींनी सांगितलं. मी दादाशी सहा महिने बोललो नाही."

"मग आता बोलतोस?"

"बोलतो. तो रोज विचारतो, काय करू म्हणजे चालेल. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

विष्णूनं रिकामं स्टूल पुन्हा भिंतीशी सरकवलं.

"मला बघायचं होतं, मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं की नाही. मेट्रोत बसलो तेव्हा वाटत होतं. त्या खोलीत तुम्ही उभे होतात आणि तुम्हाला बोलता येत नव्हतं, ते डोळ्यांसमोर आलं. मला रडू आलं, खरंच. शेजारच्या बाईंनी विचारलं, बेटा क्या हुआ."

"आणि आता?"

"आता तुम्ही समोर आहात, आणि मला तीन वाजताचा फोन आठवतोय. तू झोप, म्हणाला होतात." त्यानं चष्मा काढून पुसला. "त्या खोलीतल्या विष्णूसाठी मी काहीही केलं असतं. तुमच्यासाठी काय करू, मला कळत नाही."

विष्णूला वाटलं, आता हा शिव्या देईल, कॉलर धरेल. त्याची तयारी होती. दहा वर्षं पुरेल एवढं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. अथर्वनं पाणी मागितलं. विष्णूनं दिलं. त्यानं ते पूर्ण प्यायलं, ग्लास ओट्यावर ठेवला आणि निघाला.

"अथर्व," विष्णूनं हाक मारली. तो थांबला. विष्णूची जीभ अडली. पहिलं अक्षर ओठांवर आलं आणि तिथंच घुटमळत राहिलं. अथर्व वाट बघत उभा राहिला, भरपूर वेळ. मग त्यानं मान हलवली आणि जिना उतरून गेला.